गोलच्या मागची जागा

ये गं, अशी जवळ सरक. एक पाय दारात ठेवून ऐकू नको, नीट बस. हे लिहिलेलं आहे म्हणून काय झालं, वाचतानाही माणसानं बसूनच वाचावं. एक डोळा मोबाईलमध्ये आणि एक मावशीकडं, असलं मला चालत नाही. तुझा थोडा राग आलाय मला, सांगूनच टाकते. त्या दिवशी पुण्याहून फोन केलास आणि विचारलंस, "मावशी, जिंकली का हरली?" मी तोंड उघडते तोवर तुझी मिटिंग सुरू झाली आणि फोन बंद. अगं, हे काय विचारणं झालं? लग्न कसं झालं असं विचारावं आणि नुसतं 'झालं' ऐकून निघून जावं, त्यातली गत. तुझी भाची ती. लहान असताना तिला कडेवर घेऊन अख्ख्या कॉलनीत मिरवलीस. म्हणून म्हटलं, हिला आता बसवून पहिल्यापासून सांगायचं.

माझी शाळा चौथीत सुटली, हे तुला ठाऊक आहे. पुढचं सगळं कॉलनीतल्या वाचनालयातली पुस्तकं आणि तुझ्या काकांकडं येणारी वर्तमानपत्रं वाचून. तेव्हा लिहिताना कुठं पाय घसरला तर सांभाळून घे.

तुला फुटबॉलमधलं काही कळत नाही. मलाही कळत नव्हतं, पण नात खेळायला लागली की आजीला कळून घ्यावंच लागतं. तर बघ, आधी साखळी असते. सगळे संघ एकमेकांशी खेळतात, कित्येक महिने चालतं ते. एक सामना हरलात तरी पुढचा असतो, झालेलं भरून काढायला वाव असतो. साखळी संपली की वरचे चार संघ उरतात आणि बाद फेरी लागते. तिथं भरून काढायला काही नाही. हरलात की बॅगा भरायच्या. तुझे काका म्हणतात, साखळी म्हणजे संसार आणि बाद फेरी म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम. एका बशीभर पोह्यात निकाल.

आपली पोरगी गोलकीपर, म्हणजे गोलात उभी राहून चेंडू अडवणारी. दूर दक्षिणेकडच्या एका क्लबानं तिला घेतलं होतं, एका वर्षाच्या करारावर. पण तिथं ती दुसऱ्या नंबरची. पहिली गोलकीपर मोठी अनुभवाची, त्यामुळं अख्खी साखळी आपली पोरगी बाकावर बसून. सरावाला सगळ्यांच्या आधी आणि सामन्याला बाकावर. मी फोनवर विचारायची, "आज काय केलंस?" तर म्हणायची, "आज्जे, बसले." रोज तेच. असं वाटायचं की एवढं बसायचंच होतं तर आपल्या ओट्यावर काय वाईट होतं!

आणि साखळीच्या शेवटच्या सामन्यात त्या पहिलीच्या बोटाचं हाड मोडलं.

पोरीचा फोन आला. म्हणाली, "आज्जे, उपांत्य सामन्याला मी उभी राहणार."

मला आधी आनंदच झाला बघ. मग लगेच त्या दुसऱ्या लेकराचं बोट डोळ्यांपुढं आलं. तिचीही कुठं तरी आजी असेल की.

"बरं झालं की गं," मी आपलं म्हटलं.

"बरं काय? करार संपतोय माझा. कोच म्हणाल्या, हा एक सामना बघून ठरवू, हिला ठेवायची का सोडायची."

"आणि सोडली तर?"

"तर येते की घरी. मेथी निवडायला." हसली. मग आवाज खाली घेतला. "आणि आज्जे, ठावं हाय न्हवं? तू बघायचं न्हाय."

तर हीच ती गाठ. ही सोडवून सांगितल्याशिवाय तुला पुढचं कळायचं नाही.

वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हाचं आठवतं का? तुझे काका कारखान्यात फिटर, आणि आमची लेक बारामतीला दवाखान्यात नर्स. तिच्या पाळ्या कधी दिवसा कधी रात्री, म्हणून नात माझ्याकडं. संध्याकाळी कॉलनीतल्या मैदानावर पोरं फुटबॉल खेळायची. ही तिथं जायचा हट्ट करायची, आणि पोरं हिला गोलात उभी करायची. 'हितं हुबी राहा आन् हलू नको,' एवढंच शिक्षण. गोल म्हणजे दोन खांब आणि वर एक आडवा. जाळी नव्हती. त्या गोलच्या मागं थोड्या अंतरावर एक सिमेंटचा कट्टा होता, तिथं मी भाजी निवडत बसायची. हिच्याकडून चेंडू सुटला की थेट माझ्याकडं यायचा. कधी पायाला लागायचा, कधी मांडीवरच्या परातीत पडायचा आणि मेथी चौफेर. मी चेंडू उचलून परत फेकायची. पोरं मला 'जाळी आज्जी' म्हणायची. तुझे काका म्हणायचे, कॉलनीत हा एकच गोल असा आहे की ज्याची जाळी घरी जाऊन भाकरी थापते.

पोरगी मोठी झाली, खेळाच्या वसतिगृहात गेली. पुढं बारामतीला तिचा एक मोठा सामना होता. मी भाकरी, ठेचा बांधून घेतला आणि जाऊन बसले, नेहमीसारखी गोलच्या मागच्या बाजूला. हरली. पुढल्या वर्षी पुण्याला गेले, तिथंही हरली, आणि सोपे सोपे चेंडू सोडून हरली. तेव्हा परतताना बसमध्ये तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सांगितलं, "आज्जे, तू आता माझा सामना बघत जाऊ नको." का म्हणून मी विचारलं नाही. ती म्हणाली, मी बरं म्हटलं.

आता आपल्या घरात हे असलं! माझ्या वडिलांनी बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव ओढ्याला सोडले. नवस, गंडेदोरे, शकुन-अपशकुन, सगळं त्या पाण्याबरोबर गेलं. मी त्या घरात वाढले. कळंबला घर बांधून राहायला आलो तेव्हापासून गल्लीत कुणी मांजर आडवं गेलं म्हणून थांबलं तर मी दारातून ओरडते, 'जावा की, मांजराला काय तुमचंच काम हाय का?' आणि मीच आता माझ्या नजरेनं पोरगी हरते म्हणून सामना बघायचा नाही!

सामना दुपारी चारचा होता. उन्हाळा म्हणजे कसा, गल्लीतली कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलीला येऊन पडलेली. सकाळी शेजारच्या वहिनी आल्या. तू त्यांना भेटलीयस, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, आता मेंढरं गेली आणि शेती राहिली. मला अक्का म्हणतात. येतानाच तोंडभर हसत.

"अक्का, मी बिरोबाला नारळ बोललीया. पोरीच्या सामन्यासाटी."

"वहिनी, तुमाला कितींदा सांगितलं. आमच्यात नवस चालत न्हाय."

"तुमच्यात न्हाय चालत, आमच्यात चालतोय की. देव माजा, नारळ माजा, पैसं माजं. तुमचं काय गेलं?"

मी म्हटलं, चहा घ्या.

खरं सांगू, त्या बाईचा मला हेवा वाटला. तिनं आपली काळजी नारळाला बांधली आणि मोकळी झाली. मी कुठं ठेवायची माझी? सकाळी वंदना म्हणताना दोनदा चुकले. मनात आलं, निदान एवढं तरी म्हणावं की लेकराला यश मिळू दे. पण कुणाला म्हणायचं? आमच्यात मागायचं कुणाकडं नसतं, करायचं आपण असतं. आणि मी करण्यासारखं काय होतं, तर फक्त न बघणं.

चार वाजायच्या आधीच घर भरलं. वहिनी, त्यांचे मालक आबा, आणि काकांच्या बरोबरीची चार-दोन निवृत्त माणसं. सामना कुठल्या चॅनेलवर नव्हता, इंटरनेटवर होता. काकांनी तो टीव्हीवर लावला. मी टीव्हीकडं पाठ करून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले.

काका सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, बघा. अख्ख्या गल्लीला शहाणपण शिकवणारी बाई, आज भिंतीकडं तोंड करून बसलीया."

"हे शकुनाचं न्हाय," मी म्हटलं, "पोरीला शब्द दिलाय. तुमाला दिलेला शब्द मोडला व्हय कधी?"

"मला कधी दिला हुतास?" काका म्हणाले, आणि सगळे हसले.

पण पाठ केली म्हणून कान बंद होतात का? आतून आवाज येतोय, हिंदीत कुणीतरी भराभरा बोलतोय, मध्येच आपल्या पोरीचं नाव घेतोय. चांगलं केलं म्हणून घेतलं का वाईट केलं म्हणून? मानेला रग लागली. मान आपोआप वळायला लागली. मग मी उठले आणि सरळ शेजारी, वहिनींच्या घरात जाऊन बसले. ते घर रिकामंच होतं, सगळे आमच्याकडं.

त्यांच्या पडवीत बसले तर समोर त्यांचा देव्हारा. भंडाऱ्यानं पिवळा झालेला, आणि पुढं तो नारळ. बोललेला. मी त्याच्याकडं बघतेय आणि तो माझ्याकडं. म्हटलं, बघ बाबा, तुझं-माझं काही जमायचं नाही, पण आज दोघं एकाच कामावर आहोत.

हाताला चाळा पाहिजे होता. कोपऱ्यात भुईमुगाच्या शेंगांचं एक गाठोडं होतं. ओढलं पुढं आणि फोडत बसले. भिंतीपलीकडून एकदम ओरडा आला. कसला? आनंदाचा का दुःखाचा? माणसाचा ओरडा एवढा जवळून ऐकूनसुद्धा कळत नाही बघ, कळायला तोंड दिसावं लागतं. मी शेंगा फोडत राहिले. पुन्हा ओरडा. पुन्हा शेंगा.

तेवढ्यात लेकीचा फोन. ती दवाखान्यात ड्युटीवर. "आई, काय झालं गं? माझं इथं काही उघडंना."

"मला काय ठावं? मी शेजारी हाय."

"शेजारी? आता? सामना चालू असताना शेजारी काय करतीस?"

"शेंगा फोडतीया."

मग म्हणाली, "तुमचं दोघींचं मला कधी कळलं नाही," आणि ठेवला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. एकदम पंखा थांबला. वीज गेली. भिंतीपलीकडं असा काही कल्ला झाला की विचारू नको, आणि पाठोपाठ सगळी वरात आमच्या घरातून निघून वहिनींच्या पडवीत. पुढं काका, घामानं निथळलेले.

"बरोबरी झाली! एक-एक! आता पेनल्टीवर निकाल आन् लाईट गेली! तुझा फोन दे!"

आमच्या गल्लीत काकांच्या फोनला रेंज येत नाही. वायफाय गेलं की तो फोन म्हणजे नुसती डबी. बाकीच्यांचं कार्डही त्याच कंपनीचं. माझ्या फोनात मात्र लेकीनं दुसऱ्या कंपनीचं कार्ड घालून दिलंय, दवाखान्यातून कधीही लागावा म्हणून. काकांनी फोन घेतला, सामना उघडला. चित्र आलं आणि अडकलं, मधोमध नुसतं चाक फिरतंय. ते दारात गेले, खिडकीशी गेले, चाक फिरतंच आहे. वैतागून त्यांनी तो माझ्या हातात कोंबला, आणि चित्र चालू!

"अक्कांच्याच हातात येतंय," आबा म्हणाले. "धरा अक्का, हलू नका."

"आबा, माझ्या हाताचा काय संबंध? ही कसली अंधश्रद्धा?"

"अंधश्रद्धा न्हाय वो, रेंज हाय!"

आता काय करशील? शब्द दिलेला, बघायचं नाही, आणि सामना माझ्याच तळहातावर. मी फोन त्यांच्याकडं वळवला, छातीशी धरला, आणि डोळे गच्च मिटले.

पेनल्टी म्हणजे काय ते सांगते. एकेकीनं यायचं, समोर फक्त गोलकीपर, आणि मारायचा. आधी आपली एक, मग त्यांची एक, आळीपाळीनं. सगळं गोलकीपरच्या अंगावर. तिथं दुसरी कुणी नसते मदतीला.

"गेला!" काका ओरडले.

"कुणाचा गेला?"

"आपला. म्हणजे आत. म्हणजे चांगलं झालं."

"गेला!"

"आता?"

"त्यांचा. तोबी आत. म्हणजे वाईट."

"नीट सांगा की वो, जीव जातोय हितं!"

"अक्का, हात कापतोय तुमचा," आबा म्हणाले, "गोल हिकडं-तिकडं पळतोय. पोरगी कशी अडवंल?"

मी डोळे उघडले. फोन त्यांच्याकडं होता, मला दिसत होती ती फक्त त्यांची तोंडं. आणि मग मी त्या तोंडांवरच सामना बघितला. हे शब्द मोडणं नव्हतं, हो ना? वहिनींचा पदर दातात. आबांच्या भुवया वर चढलेल्या. काकांच्या गळ्याचं हाड वरखाली. आपली एक चुकली तेव्हा सगळी तोंडं एकदम विझली. मग त्यांची एक मारायला आली असणार, कारण सगळ्यांचे श्वास थांबले. आणि काकांचं तोंड असं उघडलं, अगं, लेक जन्मली तेव्हाही मी त्यांचं तसं तोंड बघितलं नव्हतं.

"अडवला! पोरीनं अडवला!"

वहिनी नाचायला लागल्या. "बिरोबा! बिरोबा!" मी म्हटलं, "अवो, पोरीनं अडवला, पोरीनं!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो, फोन मध्ये चेपला, आणि आबा ओरडले, "दिसंना!"

पाच-पाच मारून पुन्हा बरोबरी. आता ज्याचा चुकेल तो गेला. आपली पुढची आली आणि तिचा चेंडू वरच्या खांबाला लागून बाहेर. काका खालीच बसले. म्हणाले, "आता ह्यो अडवला तरच."

आणि माझ्या मनात आलं, लेकरू एकटं उभं आहे तिथं. अख्खं वर्ष बाकावर बसून आता उभं राहिलंय. ह्या एका चेंडूवर तिचं राहणं का परत येणं ठरणार, आणि मी तिच्याकडं पाठ करून? मला राहवलं नाही. मी फोन माझ्याकडं वळवला.

एवढीशी दिसत होती. हिरवा शर्ट. तिनं दोन्ही हात मांडीला पुसले. तसेच, लहानपणी फ्रॉकला पुसायची तसेच. गुडघ्यांत वाकली. समोरची धावत आली. आपली डावीकडं झेपावली, लांब, सगळं अंग ताणून, आणि चेंडू तिच्या बोटांच्या पलीकडून कोपऱ्यात गेला.

"अक्का, हिकडं करा की! काय झालं? अवो, काय झालं?"

कुणालाच दिसलं नव्हतं. ते एकटीनं मी बघितलं होतं, आणि मलाच ते सांगायचं होतं.

"गेला," मी म्हटलं.

ह्या खेपेला कुणी विचारलं नाही, कुणाचा.

वहिनींनीच मग काही तरी बोलायचं म्हणून इकडं-तिकडं बघितलं, आणि त्यांची नजर माझ्यापुढच्या फोलपटांवर पडली. "अगं बया! अक्का, ह्या शेंगा तुमी फोडल्या?"

"व्हय. बसल्या बसल्या."

"बियाणाच्या हुत्या वो त्या! निवडून ठेवल्या हुत्या!"

अख्खं गाठोडं, बाई. पेरणीच्या इतकं आधी फोडलेलं बियाणं काय कामाचं? मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. "उद्या आमच्यातल्या देते," म्हटलं.

"द्या सावकाश," वहिनी म्हणाल्या. "पोरगी आली की हेचं लाडू करू."

"आन् नारळ?" काकांनी विचारलं. "हरली की पोरगी. आता नारळ न्हाय न्हवं?"

"एक अडवला न्हवं तिनं? तेवढ्यापुरता अर्धा फोडते."

"अर्धा नारळ कसा फोडणार वो वहिनी?"

"फोडल्यावर अर्धाच हुतोय की!"

सगळे हसले. मीही हसले. पण घरी आले आणि ते हसू उंबऱ्याशीच राहिलं. मी बघितलं आणि गेला. बाकी सगळे चेंडू मी पाहिले नाहीत, त्यातला एक तिनं अडवलाही. मी पाहिला तो एकच, आणि तोच गेला. डोकं सांगतंय, बाई, तुझ्या बघण्यानं शेकडो कोसांवरच्या चेंडूला काय होतंय? आणि छाती ऐकत नाही. पोरीचा फोन येईना. आईला तिनं नुसता निरोप टाकलेला, 'मी बरी हाय, मग बोलते.' दुसरा दिवस तसाच गेला. माझ्या भाजीत मीठ दोनदा पडलं. काका निमूट जेवले, आणि त्यांनी टोमणा मारला नाही ह्यानंच मला जास्त भ्या वाटलं. तूच सांग, मी तिला सांगायला नको होतं का? आणि सांगून तिनं खरंच मानलं असतं, की आजीमुळं माझी जागा गेली, तर?

तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "चल, पळसदेवला जाऊ, मासं आणू. घरात बसून भिंती काळ्या पडायल्या."

एसटीनं इंदापूर, तिथून पळसदेव. उजनी धरणाचं पाणी पार आत गेलेलं. जुनं देऊळ बाहेर आलंय, तू बघितलं नाहीस कधी, वर्षभर पाण्यात राहून उन्हाळ्यात असं वर येतं, चिखलानं माखलेलं. होडीवाले मासे घेऊन काठाला आले होते. काका चिलापीचा भाव करायला लागले आणि माझा फोन वाजला.

"आज्जे, कुठं हाय?"

"पळसदेवला. मासं घ्यायला आलोय."

"माझ्याबिगर?"

मी एकदम बोलून टाकलं. "बाळा, मी बघितलं."

"काय?"

"शेवटचा. तुला शब्द दिला हुता, तरी फोन वळवला आन् बघितला. आन् तोच गेला."

मग ती हसायला लागली. अशी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"आज्जे! तुला वाटलं तू बघितलंस म्हणून गेला? तुला? मांजरावरून लोकांशी भांडणाऱ्या माझ्या आज्जीला?"

"मग तू कशाला सांगितलं हुतंस, बघू नको म्हणून?"

हसणं थांबलं. म्हणाली, "तू अपशकुनी म्हणून न्हाय गं. लहानपणी तू कट्ट्यावर बसायचीस. माझ्याकडनं चेंडू सुटला तरी मला काही वाटायचंच न्हाय, मागं आज्जी हाय, ती धरंल. मोठी झाले, तरी तू मैदानात दिसलीस की अंग तसंच सैल पडायचं. गेला तर गेला, मागं आज्जी हाय. बारामतीला तसंच झालं, पुण्याला तसंच. तू बघतीयास एवढं जरी ठावं असलं तरी तसंच हुतं. गोलकीपरला तसं वाटून चालत न्हाय, आज्जे. म्हणून तुला उठवलं मागनं."

मी त्या काठावर खालीच बसले. एवढी वर्षं मला वाटत होतं, माझ्या असण्यात काही तरी खोट आहे.

"आन् ह्या खेपेला?"

"ह्या खेपेला मागं कुणी न्हाय असं समजून उभी राहिले. एक अडवला. शेवटचा तिनं मारलाच तसा हुता, तो कुणालाच सापडला नसता."

"कोच काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"तेच कळायची वाट बघत हुते, म्हणून फोन न्हाय केला. ठेवलंय, आज्जे. अजून एक वर्ष. पण पहिलीचं बोट बरं झालं की मी पुन्हा बाकावर."

"बस की," मी म्हटलं. "बसायला काय हुतंय? मी काय कमी बसले?"

मी रडले नाही. काका मात्र हातात मासे धरून ढसाढसा रडले. मासेवालीला वाटलं भावावरून रडतायत. तिनं दोन मासे वर टाकले.

तर हे असं. जिंकली का हरली ते आता तूच ठरव. पोरगी बुद्ध पौर्णिमेला घरी येतेय. लाडू करून डबा भरून ठेवलाय, वहिनींना बियाणंही परत दिलं. पोरीनं आत्ताच सांगून ठेवलंय की एक संध्याकाळ वालचंदनगरच्या त्या मैदानावर जायचं, ती गोलात उभी राहणार आणि मला मागं कट्ट्यावर बसायचं आहे, मेथी घेऊन. सुट्टीत चालतं म्हणाली. आता ती खेळते ते चेंडू लहानपणीचे राहिले नाहीत, आणि माझे गुडघे तर तू बघितलेच आहेस. तेव्हा रजा टाक आणि ये लवकर, पौर्णिमेच्या आधीच ये. माझ्या एकटीच्यानं ते चेंडू आता अडायचे नाहीत.